बारावं तोंड

माझी मावशी तेहतीस वर्षं बंदराचं पाणी बाटल्यांत भरत होती. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत तिची नोकरीच ती. दर गुरुवारी बर्फाची पेटी खांद्याला लावून धक्क्याधक्क्यावर जायचं, लांब दांड्याला अडकवलेली बाटली पाण्यात हातभर खाली बुडवायची, भरली की बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि पुढची जागा गाठायची. धक्क्यावरचे हमाल तिला बाटलीताई म्हणत. एकदा तिला स्थळ म्हणून बघणाऱ्या कुणा मुलाच्या आईनं धक्क्यावर येऊन तिची चौकशी केली, तर एका हमालानं सरळ मनानं सांगितलं, "बाटलीताई ना? माणूस सोन्यासारखं, पण गुरुवारी सकाळी सहालाच सुरू करतात." ती बाई पुन्हा फिरकली नाही. हा किस्सा मावशी स्वतःच सांगायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. लग्न तिनं पुढेही केलं नाही. आजी लवकर गेली होती, माझी आई लग्न करून दुसऱ्या गावी गेली होती, आणि घरात आजोबा एकटे होते. आजोबांना एकटं सोडावं असं तिला कधी वाटलं नाही, एवढंच.

आजोबांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. ते शाळेतले मास्तर नव्हते, पोहणी मास्तर होते. तिसऱ्या धक्क्याच्या बाजूला पूर्वी पोहायची जागा होती. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, चारी बाजूंनी दोर, कपडे बदलायची एक खोली, आणि उन्हाळाभर पोरांचा कालवा. आजोबांची शिकवायची पद्धत अगदी साधी. पोराला पाण्यावर उताणं झोपवायचं आणि हनुवटीखाली फक्त दोन बोटं ठेवायची. "बोटं कधी काढून घ्यायचे ते कळायचंच नाही," मावशी सांगते. "आपण आपले आभाळाकडे बघत बोलतोय, आणि बाबा केव्हाच चार हात लांब उभे."

नऊ वर्षांची असताना ती अशी तरंगायला शिकली. "आता सोमवारपासून हात मारायला शिकवतो," आजोबा म्हणाले. तो सोमवार आलाच नाही. त्याच आठवड्यात पोहायला येणारी सहा मुलं तापानं आजारी पडली. पाच उठली. सहावी लाँड्रीवाल्याची मुलगी, मावशीच्याच वर्गातली, तिच्याच बाकावर बसणारी. ती गेली. पालिकेनं पाणी तपासलं, पायऱ्यांवर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं.

आजोबांची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदिस्त तलावावर झाली, तीही तिकीट खिडकीवर. बावीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. स्वतः एकदाही पाण्यात उतरले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "टाकीत भिजत घालायला मी काय वाटाणा आहे?" संध्याकाळी मात्र ते न चुकता फाटकासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. पाण्यावर तेलाचा तवंग असायचा, काठाशी राखाडी फेस. आजोबा त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे आणि एकेकाच्या नावानं बोटं मोडायचे. कत्तलखाना, इस्पितळ, जहाजवाले, वरच्या वस्तीतले लोक. "कुणाकुणाची घाण सोसायची या पाण्यानं?"

बाविसाव्या वर्षी मावशीला प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण पहिल्या गुरुवारी तिचे गमबूट दाराशी पुसून ठेवलेले होते.

बंदरात तेव्हा सांडपाण्याची अकरा तोंडं उघडी होती. प्रत्येकाला नंबर होता. पालिकेनं किनाऱ्याच्या कडेनं एक मोठी नळवाहिनी टाकायला घेतली होती. एकेक तोंड तिला जोडायचं आणि सगळं पाणी गावाबाहेर शुद्धीकरणाला न्यायचं, असा बेत. बेत सोपा होता, गाव अवघड होतं. एक तोंड बंद करायला कधी वर्ष लागे, कधी पाच. सात नंबरचं तर इतकं रखडलं की मावशी म्हणायची, "आमच्या शेजारीणबाईंचं तोंड आधी बंद होईल."

गुरुवारी पाणी भरायचं, रात्रभर ते उबेत ठेवायचं, शुक्रवारी काचेच्या बशीवर उमटलेले निळे ठिपके मोजायचे. जितके ठिपके, तितके घाणीतले जंतू. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली की आजोबा विचारायचे, "आज किती?" ताप बघून आलेल्या माणसाला विचारतात तसं. पायऱ्यांजवळचा आकडा सुरुवातीला लाखाच्या घरात होता. मग साठ हजार, मग वीस. पोहायला परवानगी मिळायची तर तो पाचशेच्या खाली यायला हवा होता. आजोबांना बाकी हिशेब कळत नसे, पण पाचशे हा शब्द त्यांना पाठ होता.

अकरावं तोंड बंद झालं तेव्हा मावशी एक्कावन्न वर्षांची होती. फीत कापली गेली, भाषणं झाली. आजोबा एक्क्याऐंशीचे. इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. परतताना म्हणाले, "आता पुढच्या उन्हाळ्यात."

पुढचा उन्हाळा आला. पायऱ्यांजवळचा आकडा आला चार हजार.

मावशीनं पुन्हा नमुना घेतला. पुन्हा चार हजार. भरतीला कमी, ओहोटीला जास्त, पण पाचशेच्या आसपास कधीच नाही. नळवाहिनीचे साहेब आधी म्हणाले, समुद्रपक्षी असतील. मग म्हणाले, गाळ असेल. शेवटी एका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुमच्या बाटल्या नीट धुतात ना?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते, म्हणून हे मला माहीत आहे. रागावण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ताट बाजूला सारून ती एवढंच म्हणाली, "कुठंतरी पाणी मुरतंय."

दोन वर्षं ती ते पाणी शोधत होती. नोकरीच्या वेळात नमुने, आणि सुट्टीच्या दिवशी मोठ्या ओहोटीच्या वेळी गमबूट घालून धक्क्याच्या भिंतीखालून चिखलात चालत जायचं. एका सकाळी जुन्या पायऱ्यांच्या मागे, जिथे वरून कधीच दिसलं नसतं अशा कोपऱ्यात, तिला दगडांमध्ये एक वीतभर भोक सापडलं. आजूबाजूचे दगड शिंपल्यांनी भरलेले, आणि त्या भोकाखाली एकही शिंपला नाही. बारीक धार वाहत होती. तिनं हातमोजा काढून धारेखाली बोट धरलं.

"पाणी कोमट होतं," ती घरी येऊन म्हणाली. "समुद्र असा कोमट नसतो, बाबा. कुणीतरी अंघोळ करत होतं."

आजोबा बराच वेळ आठवत राहिले. "कपडे बदलायच्या खोलीमागून एक दगडी गटार जायचं. आमच्याही आधीचं. मला वाटायचं, टेकडीवरचं पावसाचं पाणी असेल."

त्या टेकडीवर, गटाराच्या वाटेवर, सहा इमारती होत्या. साहेबांनी भोक स्वतः पाहिलं, मान खाली घातली, आणि तपासणीचा रंग वापरायला परवानगी दिली. हा एक पिवळसर भुकटीचा रंग असतो, पाण्यात पडला की झगझगीत हिरवा होतो. घराच्या संडासात टाकायचा, पाणी सोडायचं, आणि खाली बघत उभं राहायचं. मावशीनं आठवड्याभरात पाच इमारती तपासल्या. दार वाजवून "तुमच्या संडासात रंग टाकू का?" असं विचारायचं म्हणजे काय दिव्य असतं ते तिलाच ठाऊक. खाली हिरवं काही आलं नाही.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता आजोबा म्हणाले, "आणि आपली?"

सहावी इमारत आमची होती. तिसरा मजला, मावशीचा जन्मही तिथलाच.

"आपली वाहिनीला जोडलेली आहे, बाबा. नकाशात मी स्वतः पाहिलंय."

"नकाशात तोंडं अकराच होती ना?"

मावशीनं कप खाली ठेवला.

मी आजोबांना रिक्षात बसवून धक्क्यावर नेलं. फाटकाची किल्ली मावशीनं आणून दिली होती, आणि ती स्वतः रंग घेऊन घरीच थांबली होती. आजोबांसाठी घडीची खुर्ची मांडली, आणि मी घरी फोन लावून "टाक" म्हटलं. तिनं रंग टाकला, पाणी सोडलं, पुन्हा सोडलं, नळ उघडा ठेवला. आम्ही दोघं भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मला वाटलं, नाहीच येणार, आणि मनातून बरं वाटलं.

विसाव्या मिनिटाला दगडाखालून हिरवं आलं. आधी दोऱ्याएवढं, मग ओढणी पसरावी तसं, आणि संथपणे पायऱ्यांकडे सरकू लागलं. फोनवर मावशी विचारत होती, "दिसतंय का गं काही?" आजोबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"आलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "दिसायला सुंदर आहे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चोवीस कुटुंबं आणि त्यांतलं एक मास्तरांचं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडली, त्यांच्याच मोरीचं पाणी त्यांच्या पायऱ्यांपाशी येऊन पडत होतं.

घरी आल्यावर आजोबा खिडकीशी बसले. मावशी त्यांच्या पायांशी बसली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "लाँड्रीवाल्याची पोर. ते आपलं होतं का?"

"तेव्हा अकरा तोंडं उघडी होती, बाबा. कुठल्या पाण्यानं झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

"म्हणजे आपलंही असू शकतं."

खोटं बोलणं मावशीला तेव्हा फार सोपं होतं.

"हो," ती म्हणाली. "असू शकतं."

सोमवारी आजोबांनी सदरा घातला आणि काठी घेतली. मावशी सोबत गेली. लाँड्री त्याच जागी होती. त्या मुलीचा धाकटा भाऊ, आता पन्नाशीचा, इस्त्री करत उभा होता. आजोबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, गटार, रंग, इमारत, काही न लपवता. तो ऐकत होता आणि त्याचा हात चालू होता. एक सदरा संपला, त्यानं घडी घातली.

"इतक्या वर्षांनी कशाला सांगताय, मास्तर?"

"मला परवा कळलं."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "ताई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला ती आठवतही नाही. आई असती तर..." त्यानं घडी केलेला सदरा बाजूला सारला. "आईला वाटायचं, कुणीतरी एकदा येऊन काहीतरी सांगावं. बसा, चहा सांगतो."

आजोबा बसले. चहा प्यायले. जिना चढताना फक्त म्हणाले, "मोठा माणूस आहे."

मावशीनं अहवाल लिहिला, आपल्या इमारतीच्या नंबरासकट. मग आमच्या घरावर जे वादळ आलं ते विचारू नका. रस्ता खणला, इमारतीतले संडास सात आठवडे बंद झाले, आणि चोवीस कुटुंबांसाठी रस्त्याच्या कडेला पत्र्याचे चार संडास उभे राहिले. खालच्या शेजारीणबाई जिन्यात मावशीला अडवून म्हणाल्या, "आपलं ठेवावं झाकून म्हणतात. तुला गावभर सांगायची काय गरज होती?"

"काकू, झाकलेलंच होतं," मावशी म्हणाली. "चांगलं शंभर वर्षं."

आजोबा दिवसातून चार वेळा तीन मजले उतरून त्या पत्र्याच्या रांगेत उभे राहायचे, आणि कुरकुर करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "माझ्याच मोरीतून निघालं, पोरीवर रागावू नका." उरलेला वेळ खड्ड्याच्या काठावर. नवा नळ जोडला त्या दिवशी कामगारांनी त्यांना विचारून शेवटचं झाकण बसवलं. साहेबही आले होते. जुन्या गटारात काँक्रीट ओतून झाल्यावर ते मावशीजवळ येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाटल्यांचं बोललो होतो, ते मनात ठेवू नका." तिनं ठेवलंही नव्हतं.

नियम असा होता की उन्हाळ्यातले ओळीनं सोळा आठवडे आकडा पाचशेच्या खाली राहिला, तरच फाटक उघडायचं. फेब्रुवारीपासून मोजणी सुरू झाली. एकशे ऐंशी. दोनशे दहा. एकशे चाळीस. आजोबा तोवर अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ऐंशी-पंच्याऐंशीचं हृदय, किती धावणार. त्यांचा आवाज खोल गेला होता, तरी शुक्रवारी दार वाजलं की डोळे उघडायचे. "आज किती?" मावशी सांगायची, आणि ते मान हलवायचे. आकडा ऐकताना त्यांचे पाय पांघरुणाखाली हळूहळू हलायचे. पाण्यातच असल्यासारखे.

अकराव्या आठवड्यात अवेळी जोराचा पाऊस झाला. नळवाहिनी तुडुंब भरली, कुठंतरी झाकणातून उसळली, आणि गुरुवारचा नमुना आला नऊशेचा. साहेबांचा फोन आला. आवाज फार मऊ होता. "ताई, पावसातला नमुना आहे. गुरुवारऐवजी शनिवारी घेतला असं समजा. पाच आठवडे राहिलेत. मास्तरांना खुर्चीत बसवून नेऊ आपण. मी स्वतः उचलेन."

तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी तिला कधी इतकं एकटं पाहिलं नाही. पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाच आठवड्यांवर होतं, आणि मध्ये नुसता एक आकडा. तो तिच्याच हातात होता.

ती आजोबांच्या खोलीत गेली. त्यांनी विचारलं.

"नऊशे," ती म्हणाली. "पाऊस झाला. आता पहिल्यापासून मोजायचं."

"म्हणजे पुढच्या वर्षी."

"साहेब म्हणतात, हा नमुना सोडून देता येईल. तुम्हाला नेता येईल, बाबा."

आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "पुढच्या पावसात कुणाची पोर असेल पाण्यात. नको." आणि थोड्या वेळानं, अगदी लहान मुलासारखं, "पण फार जावंसं वाटत होतं गं."

"मलाही," मावशी म्हणाली.

सप्टेंबरमध्ये ते गेले. शेवटचा आकडा त्यांनी ऐकला तो दोनशे वीस.

पुढच्या वर्षीचे सोळाही आठवडे सरळ पार पडले. कुलूप काढलं तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. साहेबांनी मावशीला पुढे बोलावलं, तर ती बाटल्यांची पेटी सांभाळायची आहे म्हणून मागेच उभी राहिली. शेजारीणबाई आपल्या नातवंडांना घेऊन आल्या होत्या. "चला, गंगेत घोडं न्हालं एकदाचं," त्या मावशीला म्हणाल्या, आणि तिची बर्फाची पेटी त्यांनी स्वतः उचलून सावलीत ठेवली.

त्या दिवशी मावशी पाण्यात उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानंतर, एका कामाच्या दिवशी सकाळी, गर्दी नव्हती तेव्हा ती मला घेऊन गेली. पंचावन्नाव्या वर्षी घेतलेला काळा पोहण्याचा पोशाख, वर टॉवेल घट्ट गुंडाळलेला. एकेक पायरी उतरत कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत. तिथेच उभी राहिली. पाणी स्वच्छ होतं. तिची पावलं वरून दिसत होती.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. ओठ निळे पडले होते. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि विचारलं, कसं वाटलं.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. "मला वाटायचं, इथं आले की बाबा भेटतील," ती म्हणाली. "वेडेपणा. नुसतं गार होतं गं. खूप गार."

आम्ही केस पुसले, कोपऱ्यावरच्या टपरीत पाव आणि चहा घेतला. ती कामाला गेली, मी माझ्या कामाला. संध्याकाळी घरी आले तर गॅलरीत दोरीवर तो काळा पोशाख वाळत होता, आणि ती आत गजराच्या घड्याळाशी खटपट करत बसली होती.

"उद्या सहाला जाणार आहे," ती म्हणाली. "तिथं एक पोहणी शिकवणारी मुलगी येते. सहा वर्षांच्या पोरांबरोबर घेईन म्हणाली मला. तू येणार असशील तर लवकर झोप."